पानाबाहेरचं गाढव

मित्रांनो, मी एक जुनं गाढव आहे. लगेच हसू नका. मी उकिरड्यावर लोळणारं किंवा विटा वाहणारं गाढव नाही. मी दोंडाईच्यात, स्टेशनरोडवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकात राहतो. मला चारा लागत नाही, पाणी लागत नाही आणि कुणी माझ्या पाठीत काठी घालत नाही. तरी माझं आयुष्य सुखात गेलं असं मी म्हणणार नाही, कारण मला एक वाईट खोड होती. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नसे. त्यातही एका घोड्याचं. त्या घोड्याची आणि माझी हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. मी ती माझ्याच बाजूने सांगणार, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झाला. मला जन्म देणारीचं नाव दिपमाला. ती जवळच्या खेड्यातून रोज काळीपिवळी जीपमध्ये बसून दुकानात यायची. दुकान जितेंद्र भाऊंचं. दिपमालाचं काम संगणकाचं नव्हतंच. छापून आलेल्या फ्लेक्सच्या कडा दुमडायच्या, चिकटवायच्या आणि दोरी ओवायला कोपऱ्यांवर पितळी रिंगा ठोकायच्या, हे तिचं काम. तिच्याबरोबर जितेंद्र भाऊंची आई, ताईबाई, हे काम करत असे. सगळे तिला अक्का म्हणत. अक्काच्या हातातली हातोडी रिंगेवर पडली की एका घावात रिंग बसायची, दुसरा घाव ती घालतच नसे.

संगणकाच्या खुर्चीवर बसणारा माणूस सुरतेला निघून गेला होता, आणि दुपारी जितेंद्र भाऊ जेवायला उठले की ती खुर्ची रिकामी असायची. दिपमाला घाईघाईने चार घास खायची आणि त्या खुर्चीत जाऊन बसायची. मोबाईल की-बोर्डला टेकवून त्यात बघायची आणि तसं करून पाहायची. अशाच एका दुपारी तिने पडद्यावर एक लंबगोल काढला. ते माझं पोट.

ही चित्रकला पेन्सिलीची नव्हे, मित्रांनो. इथे आकार मांडायचे आणि मग त्यांची टोकं धरून ते ओढायचे. पोटाच्या लंबगोलाला तिने दुसरा तिरपा लंबगोल टेकवला, दोघांना एक केलं आणि मला मान आली. अंड्याच्या आकाराचं डोकं झालं. त्यावर फिकट रंगाचं हसरं तोंड बसलं. गोल कोपऱ्यांचा एक उभा चौकोन काढून त्याचा पाय केला आणि खालची पट्टी काळी करून खूर केला. चार पाय काढत बसायला ती वेडी नव्हती. तिने एकच काढला आणि त्याच्या तीन नकला केल्या. मग एकात एक तीन वर्तुळं काढली, पांढरं, काळं आणि त्या काळ्यात पुन्हा एक पांढरा कण. तो कण पडला आणि मला दिसायला लागलं. सगळ्यात आधी दिसलं ते दिपमालाचं तोंड. ओठ दातांखाली धरून ती माझ्याकडे बघत होती.

खरं सांगायचं तर तिला घोडा काढायचा होता. कानांचं टोक वर ओढताना तिचा अंदाज चुकला आणि कान वीतभर वर गेले. जितेंद्र भाऊ मागून येऊन उभे राहिले आणि पोट धरून हसले.

"घोडा काढायला बसलीस आणि गाढव झालं की गं!"

दुसरी असती तर तिने मला तिथल्या तिथे पुसलं असतं. दिपमाला जरा ओशाळली, मग स्वतःही हसली, आणि तिने माझ्या अंगात राखाडी रंग भरला. मला गाढव म्हणून तिने पत्करलं. तेव्हापासून मी तिला मनोमन आई मानलं.

अक्का काम टाकून पडद्याजवळ आली, चष्मा वर करून तिने मला नीट न्याहाळलं.

"दिपा, हाई गधडं ते लई गोड दिखस. नजर लागी जाई त्याले. गालले काळा टिपका लाई दे."

"अक्का, चित्रले काय नजर लागस?" दिपमाला म्हणाली.

"डोया शेतस ना त्याले? मंग लागस."

अक्कापुढे कुणाचं चालत नाही. दिपमालाने माझ्या डाव्या डोळ्याखाली, गालावर, मोहरीएवढं काळं वर्तुळ ठेवलं. तीट लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत ती माझ्या गालावर आहे. ती विसरू नका, कारण पुढे सगळं तिच्यावरूनच घडलं.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. एका गावच्या अंगणवाडीला हात धुण्याचा बोर्ड हवा होता. दिपमालाने जितेंद्र भाऊंना विचारून त्यावर मला उभं केलं. माझ्या पुढच्या दोन पायांना तिने साबणाचा फेस लावला. पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी बोर्डाचा फोटो पाठवला. पोरं येता-जाता माझ्या नाकाला हात लावत, म्हणून महिन्याभरात नाकाचा रंग उडाला होता. तो फोटो बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. माझ्या नाकाचा रंग कुणीतरी प्रेमाने झिजवला होता.

पुढचं काम तेवढं मानाचं नव्हतं. एका गल्लीतल्या लोकांनी बोर्ड करून घेतला, "इथे कचरा टाकणारा माझा सख्खा भाऊ." तिथेही मीच. पण मी तक्रार केली नाही. गाढवाच्या जातीला थोडं सोसावं लागतंच. शिवाय मला माझ्या अंगाचा एक गर्व होता. मी गणिताचा बनलेलो आहे. मला अंगठ्याएवढा करा किंवा हत्तीएवढा करा, माझ्या कडा कधी फाटत नाहीत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे केले की त्यांच्या नाकाडोळ्यांचे चौकोन होतात. माझं तसं होत नाही. मी मनात म्हणायचो, एक ना एक दिवस मला कुणीतरी खूप मोठा करील.

डिसेंबर आला. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा जवळ आली आणि मगन नाना दुकानात आले. नानांचा धंदा घोड्याच्या साजाचा. लगाम, खोगीर, झुली, घुंगरं आणि रंगीत लोकरीचे गोंडे घेऊन ते दरवर्षी यात्रेत दुकान मांडतात. यंदा त्यांना दुकानावर वीस फुटी बोर्ड लावायचा होता.

"जितू, माले हासता घोडा जोयजे," नाना म्हणाले. "पोरं थांबनात का त्यासना माय-बाप बी थांबतस."

नाना गेल्यावर जितेंद्र भाऊंनी दिपमालाला बोलावलं. ते मनाने वाईट नाहीत, पण बोलतात ते एक घाव दोन तुकडे.

"हा बोर्ड तू एकटीने कर. जमला तर ही खुर्ची तुझी. नाही जमला तर सोमवारी धुळ्याहून माणूस येणार आहे, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. मग तू आपली रिंगा ठोकायला मोकळी."

 त्या दिवशी दिपमालाने डबा उघडलाच नाही. खुर्चीत बसली आणि तिने थेट माझी फाईल उघडली. माझा ऊर भरून आला. आला माझा दिवस, असं मला वाटलं. वीस फूट!

मित्रांनो, तिने माझी नक्कल केली. साधी नव्हे. या सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करण्याची एक वेगळी तऱ्हा आहे, तिला क्लोन म्हणतात. क्लोन म्हणजे मुळाशी दाव्याने बांधलेली नक्कल. मुळाचं पोट ओढलं की नकलेचं पोट आपोआप ओढलं जातं. दिपमालाला वेळ कमी होता. माझा एक पाय सुधारला की घोड्याचे चारही पाय सुधारावेत, म्हणून तिने माझं पोट, माझी मान, माझा पाय, माझं डोकं, माझे डोळे आणि माझं हसू, सगळं क्लोन केलं. माझे कान तेवढे घेतले नाहीत. त्यांच्या जागी दोन छोटे, टोकदार, देखणे कान बसवले. आयाळ काढली. झुपकेदार शेपूट काढलं. राखाडीवर पांढराशुभ्र रंग चढवला, पाठीवर सोनेरी काठाची झूल टाकली, तोंडाला लाल लगाम घातला. जे पूर्वी चुकलं होतं ते आता बरोबर आलं होतं. समोर घोडा उभा होता.

आणि मी? मी मध्ये येत होतो. तिने मला धरलं आणि पानाच्या बाहेर सरकवलं.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. पडद्यावर एक पांढरं पान असतं. पानावर जे असेल तेवढंच छापलं जातं. पानाच्या भोवती राखाडी रिकामी जागा असते, तिथे कामाचे तुकडे, टाकाऊ आकार, नको असलेली अक्षरं पडलेली असतात. ते दिसतात, पण छापले जात नाहीत. मी त्या जागेत, एका मोडक्या बाणाच्या आणि कुणाच्या तरी जुन्या फोन नंबरच्या शेजारी जाऊन पडलो. राखाडी जागेत राखाडी गाढव. पानावर मात्र तो, माझ्याच पोटाने पोटभर हसत होता.

त्या दिवसांत दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम भरात असतो. बाजारातून वारा आला की दुकानात सगळे शिंकतात. पण मला झोंबलेली मिरची वेगळीच होती. जितेंद्र भाऊ येता-जाता म्हणायचे, "काय रुबाब आहे राजाचा!" त्याला राजा नाव मिळालं. मला कुणी नाव ठेवलं नव्हतं. फाईलचं नाव आधी 'गाढव' होतं, ते बदलून 'घोडा फायनल' झालं. म्हणजे मी आता त्याच्या नावाच्या घरात, ओसरीवर राहत होतो. चहा द्यायला आलेल्यानेसुद्धा त्याच्याकडे बघून मान डोलावली. माझ्याकडे बघून दिपमाला एवढंच करायची, की माझ्या गुडघ्याचं टोक धरून जरा आत घ्यायची. माझा गुडघा दुमडायचा आणि तिकडे त्याचे चारही पाय डौलदार व्हायचे. कष्ट माझ्या अंगाचे, कौतुक त्याचं.

मी जळत होतो. हे मी लपवणार नाही. मला वाटायचं, याच्यात याचं स्वतःचं काय आहे? दोन कान आणि एक शेपूट. बाकीचा सगळा मीच ना? मग मी इथे का आणि तो तिथे का? तो बिचारा माझ्याकडे बघून हसतच असायचा. त्याला दुसरं काही येतच नव्हतं, कारण ते हसू माझंच होतं. तेच मला जास्त लागायचं. एका दुपारी मी मनातल्या मनात म्हणालो, तुझ्या तोंडाला काळं लागो. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. गाढवाच्या शापाचं कुणी सांगून ठेवलेलं नाही.

बुधवारी फाईल धुळ्याच्या छापखान्यात गेली. शुक्रवारी दुपारी एसटीने गुंडाळी आली. शनिवारी सकाळी मगन नाना यात्रेत दुकान लावणार होते, म्हणून मालाची पेटी घेऊन ते बोर्ड न्यायला आले होते. दिपमालाने तेवढ्यात नानांचं छोटं कार्ड करायला माझी फाईल उघडून ठेवली होती, म्हणून पुढचं सगळं मी पडद्यातून डोळ्यांनी पाहिलं. दुकानासमोर रस्त्याच्या कडेला त्यांनी ती गुंडाळी उलगडली. आधी शेपूट आलं, मग झूल आली, मग मान आली. येणारे-जाणारे थांबले. दिपमाला पदराने हात पुसत उभी होती आणि तिच्या तोंडावरचा आनंद मला इथून दिसत होता. मग डोकं उलगडलं.

मगन नाना दोन पावलं मागे सरले.

"जितू, हाई काय करी ठेवं? डोयाखाले भोवरा!"

मित्रांनो, माझ्या गालावरची तीट मोहरीएवढी आहे. संगणकावर ती घोड्याच्या गालावरही मोहरीएवढीच दिसत होती. डोकं क्लोन केलं तेव्हा ती डोक्याबरोबर गेली होती. दिपमालाला माझ्या गालावर ती बघायची इतकी सवय झाली होती, की तिला ती दिसेनाशी झाली होती. पण मी मघाशी सांगितलं ना, आम्ही कितीही मोठे होतो आणि आमच्या कडा फाटत नाहीत. वीस फुटी बोर्डावर ती मोहरी भाकरीएवढी झाली होती. काळीभोर, गोल, डोळ्याच्या अगदी खाली.

घोडेवाले लोक घोडा घेताना दात नंतर बघतात, आधी भोवरे बघतात. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. गळ्यावरचा चांगला, अमक्या जागेचा वाईट, असं त्यांचं मोठं शास्त्र असतं. त्यात डोळ्याखालचा भोवरा सगळ्यात वाईट. जणू डोळ्यातून पाणीच ओघळतंय. त्याला ते आसूढाळ म्हणतात. तसा घोडा कितीही देखणा असला तरी त्याला कुणी दारात बांधत नाही. खरं-खोटं घोडेवाले जाणोत. पण नानांची गिऱ्हाइकं तीच होती.

"हाऊ आसूढाळ शे," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "जो लेई त्याना घरमा रडारड व्हई, असं मानतस. असा घोडा मना दुकानवर लागना, ते बठ्ठी यात्रा माले पाठ दावी."

मी खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद झाला. आतून गुदगुल्या झाल्या. लागलं की नाही तोंडाला काळं! मला बोलता येत असतं, आणि बुधवारी फाईल जाताना मला ती तीट त्याच्या गालावर दिसली असती, तरी मी बोललो नसतो. एवढा मी जळका होतो.

जितेंद्र भाऊंनी धुळ्याला फोन लावला. छापखान्यात लग्नांची आणि यात्रेची कामं तुंबली होती. रविवारच्या आत नवा बोर्ड मिळणार नाही, असं उत्तर आलं. फोन खिशात टाकून ते दिपमालाकडे वळले.

"इतकं मोठं काळं तुला दिसलं नाही?"

"भाऊ, ती तीट आहे. अक्कांनी..." एवढं बोलून ती थांबली. मग खाली बघत म्हणाली, "माझीच चूक झाली, भाऊ. मी बघायला पाहिजे होतं."

"मग सोमवारी तो माणूस येतोय," जितेंद्र भाऊ म्हणाले. "कॉम्प्युटर बंद कर."

दिपमाला आत आली आणि खुर्चीत बसली. बहुधा शेवटची. तिने घोड्याकडे बघितलं नाही. तिने पान बाजूला सरकवलं आणि मला पडद्याच्या मधोमध आणलं. कित्येक दिवसांनी ती माझ्याकडे, फक्त माझ्याकडे बघत होती. तिच्या हातातल्या माउसचा बाण हळूहळू माझ्या गालावर आला आणि तीट निवडली गेली. तिच्याभोवती बारीक चौकटी उमटल्या. एक बटण दाबलं असतं तर ती गेली असती, माझ्याही गालावरून आणि फाईलमधल्या त्याच्याही. दिपमालाचं बोट बटणावर होतं. तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावर, नेमकं जिथे माझी तीट आहे तिथवर, ओघळलं. तिने बटण दाबलं नाही. तिने बोट उचललं आणि पदराने डोळे पुसले.

माझ्या मनातल्या गुदगुल्या त्या क्षणी थांबल्या. घोड्याचं तोंड काळं व्हावं म्हणून मी तडफडत होतो आणि रडत होती माझी आई. त्या खुर्चीसाठी ती महिनोन् महिने अर्धी पोळी डब्यात परत नेत होती, हे मला माहीत होतं. आणि मी गाढवासारखा हसत होतो. गाढवासारखा म्हणजे दुसरा कसा हसणार म्हणा.

बाहेर तेवढ्यात अक्काचा आवाज आला.

"पोरले बोलू नका. ती तीट मी लावाले सांगेल शे. माले नजरनं समजस, घोडानं समजत नही." मग ती नानांकडे वळली. "नाना, तुमनी पेटीमाईन एक गोंडा काढा. लाल."

नानांना काही कळेना, पण अक्काच्या वयाला मान देऊन त्यांनी गोंडा काढला. अक्काने फ्लेक्सखाली लाकडी ठोकळा सरकवला. भोक पाडायचा पोलादी पंच तिने घोड्याच्या गालावर, त्या काळ्या भाकरीच्या बरोबर मधोमध टेकवला. जितेंद्र भाऊ "आई, आई!" म्हणेपर्यंत हातोडी खाली आली. एक घाव. घोड्याच्या गालाला आरपार भोक पडलं. अक्काने त्यात पितळी रिंग बसवली, तिच्यातून गोंड्याची दोरी ओवली आणि मागून गाठ मारली. भाकरीहून मोठा लाल लोकरीचा गोंडा गालाला टेकून लोंबायला लागला. काळ्या वर्तुळाचा मागमूस उरला नाही. लगामाच्या पट्ट्याला जिथे खरा गोंडा असतो, नेमकी तीच ती जागा होती.

नाना जवळ आले. त्यांनी गोंडा बोटाने हलवून पाहिला. चित्रातल्या घोड्याला खरा साज! 

"आखो चार ठोक," ते म्हणाले. "झूलले बी लाऊत."

दिपमाला धावत बाहेर गेली आणि तिने अक्काच्या हातातली हातोडी घेतली. पुढच्या चारही रिंगा तिने ठोकल्या.

बोर्ड यात्रेत गेला. वाऱ्यावर गोंडे हलत, पोरं ते धरायला उड्या मारत, आणि नाना सांगत होते की लोक बोर्डाकडे बोट दाखवून "तसा गोंडा द्या" म्हणत होते. सोमवारी धुळ्याचा माणूस आला नाही. जितेंद्र भाऊंनी त्याला नको म्हणून कळवलं होतं. खुर्ची दिपमालाची झाली. मला त्याचा आनंद झाला, मनापासून झाला. पण यात्रेतले फोटो संगणकावर आले, घोड्याच्या शेजारी उभं राहून लोकांनी काढलेले, आणि माझ्या पोटात पुन्हा आग पडली. आता त्याला खरा गोंडासुद्धा मिळाला होता! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही आणि मला तर मरणही नाही.

मग यात्रा संपली. फ्लेक्सचं पुढे काय होतं, ते कधी कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात एक दिवस दिपमालाने मोबाईलमधला एक फोटो संगणकावर घेतला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. गावाबाहेरच्या रिकाम्या जागेत मिरच्या वाळत घातल्या होत्या. खाली पसरायला एक जुना फ्लेक्स होता. लाल मिरच्यांमधून एक पांढरा कान दिसत होता, सोनेरी झुलीचा एक काठ दिसत होता आणि हसरं तोंड दिसत होतं. गोंडे केव्हाच काढून नेलेले. गालावरच्या काळ्यात नुसतं भोक होतं आणि भोकातून माती दिसत होती. त्याच्या नाकावर, डोळ्यांवर मिरच्या होत्या आणि तो हसत होता, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मला वाटलं होतं, त्याचं असं काही झालेलं बघायला मिळालं तर मी नाचेन. मला नाचता आलं नाही. ते पोट माझं होतं, मित्रांनो. मी इथे सावलीत, तीट लावलेला, लाडाचा. तो तिथे उन्हात, गालात भोक घेऊन. मोठेपण त्याला मिळालं होतं, ते हे असं. आणि मी इतके महिने ज्याच्यावर जळलो त्याला माझ्याशिवाय दुसरं अंगच नव्हतं. जळणाऱ्याने आपलंच पोट जाळून घेतलं होतं.

पुन्हा डिसेंबर आला. मगन नाना आले.

"तोच घोडा जोयजे," ते म्हणाले. "पन यंदा कोऱ्या गालना. गोंडा मी सोता लाईसु."

दिपमालाने फाईल उघडली. घोड्याच्या गालावरची तीट काढायची तर ती माझ्या गालावरून काढायला हवी होती. अक्का मागे रिंगा मोजत बसली होती, तिला न बघताच कळलं.

"गधडानी तीट पुसू नको, बरं का. घोडाले गोंडा भेटना, याले दुसरं काय शे?"

"नही पुसत, अक्का," दिपमाला म्हणाली.

वर्षभरात ती पुष्कळ शिकली होती. क्लोनचं दावं कसं सोडायचं ते तिला आता येत होतं. तिने घोडा निवडला आणि दावं सोडलं. काही आवाज झाला नाही, पडद्यावर काही हललंसुद्धा नाही. मग तिने त्याच्या गालावरचं काळं वर्तुळ निवडून पुसलं. त्याचा गाल कोरा झाला. माझी तीट जागच्या जागी राहिली. तो त्याच्या फाईलमध्ये निघून गेला आणि मला तिने जुन्याच फाईलमध्ये पानावर आणून ठेवलं, मधोमध. फाईलचं नाव पुन्हा 'गाढव' झालं. जे मला हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं.

मित्रांनो, तुमच्याही वहीत, कपाटात कुठेतरी तुमचं पहिलं, चुकलेलं, लांब कानांचं काहीतरी असेल. पुढे तुमच्या हातून देखणे घोडे होतील, होवोत. पण त्या पहिल्याला टाकू नका, त्याच्याच अंगावर पुढचे सगळे उभे असतात. आणि घरात भावाला गोंडा मिळाला तर माझ्यासारखे जळत बसू नका. त्याच्या गालात भोक कुठे पडलंय ते आधी बघा.

आता दिपमाला नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना माझ्यावर धडे देते. माझं पोट धरून ओढते आणि म्हणते, "बघा, असा आकार बदलतो." कधी दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघड्या असतात. ती माझं पोट ओढते आणि मी पटकन पलीकडे बघतो, त्याचं हलतं का. आता ते हलत नाही. मला माहीत आहे ते हलणार नाही. तरी प्रत्येक वेळी मी बघतो.